दुखणं माऊसचं, नाव हातोड्याचं

डॉक्टरला खोटं सांगू नका. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते सांगून झालं. पण एका ओळीनं कोणी शहाणं होत नाही. मी तर झालोच नसतो. म्हणून सगळं लिहितो.

मी पाथरवट. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. शिर्डीच्या रस्त्याला आमचं दगडाचं दुकान आहे. घरांवरच्या नावाच्या पाट्या, देवळांच्या पायऱ्या, समाधीचे दगड, हे पन्नास वर्षं मी हातानं कोरलं. अक्षरं मला आधी कोरता आली, वाचता नंतर आली. बाप खडूनं काढून द्यायचा, मी छिन्नीनं खोदायचो, आणि काय लिहिलंय ते गिऱ्हाईक वाचून दाखवायचं तेव्हा कळायचं.

आता वय एकाहत्तर. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर आहेत. ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. हे मी डाव्या हातानं वहीत लिहिलं, सुनेनं टाईप केलं. शुद्धलेखन तिनं सुधारलं. बाकी कशाला हात लावू दिला नाही.

मी कॉम्प्युटरला का बसलो

माझा मुलगा संजय. त्यानं दगड कोरायचं मशीन आणलं. कॉम्प्युटरवर नाव मांडायचं, बटण दाबायचं, मशीन ते दगडात उतरवतं. मला ज्याला चार दिवस लागायचे ते तासाभरात.

"आबा, आता तुमी गिऱ्हाइकाशी बोलायचं आन् च्या प्यायचा," संजय म्हणाला.

"आन् अक्षर कुनाचं?"

"कॉम्प्युटरचं."

जाऊन बघितलं. कॉम्प्युटरचं अक्षर म्हणजे उकडलेला बटाटा. इकडून तिकडून सारखंच जाड. 'श्री' तर मान मोडून पडल्यासारखा. म्हटलं, माझ्या दुकानातून हे जायचं नाही.

सून रेखा कॉम्प्युटर शिकलेली आहे. तिनं मार्ग काढला. मी कागदावर शाईनं अक्षर काढायचं, तिनं त्याचा फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचा, आणि मग माऊसनं त्या अक्षराच्या कडेकडेनं ठिपके देत जायचं. एका अक्षराला चाळीस-पन्नास ठिपके. एक ठिपका म्हणजे बोटाचा एक दाब. ती म्हणाली, मी करते. मी म्हणालो, कड कुठं वळती ते तुला काय ठावं.

आणि मी बसलो. सगळी बाराखडी, रफार, जोडाक्षरं, आकडे. सकाळचा चहा झाला की बसायचो ते जेवायलाच उठायचो. जेवून परत, दिवेलागणीपर्यंत. दोन वर्षं. डोक्यात एकच होतं, की मी गेल्यावरसुद्धा ह्या दुकानातून माझंच अक्षर बाहेर पडेल. लोभ म्हणा. पैशाचा नव्हता, पण लोभच.

माऊस कसा धरू नये

माऊस मी हातोड्यासारखा धरला. दुसरं धरणं हाताला माहीतच नव्हतं. हातोडा ढिला धरला तर सुटतो आणि समोरच्याचं कपाळ फोडतो, हे बापानं मार देऊन शिकवलेलं. तेवढ्याच जोरानं मी ती साबणाच्या वडीएवढी वस्तू दिवसभर आवळून बसायचो.

दुसरं, टेबल. दगडवाल्याच्या दुकानात लाकडाचं टेबल कशाला, म्हणून मी काळ्या ग्रॅनाईटची फरशी टाकून टेबल केलं. आरशासारखं पॉलिश. त्याच्यावर माऊस चालेना. बाण इकडून तिकडं उड्या मारायचा. अक्षराच्या कडेवर आणावा तर पाटीच्या बाहेर. मी अजून जोर लावायचो. त्यात दुकानात दगडाची भुकटी. ती माऊसच्या बटणात जाऊन बसली. एकदा दाबून काम होईना, तीनदा दाबायचं.

रेखा म्हणाली, "आबा, खाली एक वही ठिवा, म्हंजी बाण पळायचा न्हाई."

"दगडावर वही? गिऱ्हाईक काय म्हनंल? दगड चांगला न्हाई म्हनून झाकलाय?"

आणि तिसरं मी कोणाला सांगत नव्हतो, आता सांगतो. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक फरशीची कड मी घासून गोल करून देतो. कोणाला लागू नये म्हणून. आपल्या टेबलाची केली नाही. म्हटलं, घरचंच तर हाय. त्या करकरीत कडेवर माझं मनगट दोन वर्षं पडून होतं.

सुरुवात

पहिल्यांदा मुंग्या. पहाटे हात झटकत उठायचो. मग चहाचा कप हातातून सुटला. मग सदऱ्याची बटणं लागेनात. बायको सिंधू लावायला आली तर मी तिचा हात झिडकारला आणि बटणं उघडी टाकून दुकानात गेलो. थंडीचे दिवस होते.

तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "बाबा, काम काय करता?"

मी म्हणालो, "दगड फोडतो."

हेच ते खोटं. हातोडा बंद करून मला दीड वर्ष झालं होतं. पण दवाखान्यात चार माणसं बसलेली, दोन ओळखीची. त्यांच्यापुढं काय सांगू? की पन्नास वर्षं ज्याला घणानं काही झालं नाही, त्याचा हात प्लास्टिकच्या बटणानं गेला? खाणीवरचा एक जुना सोबती एकदा दुकानात आलेला. मी बसल्या बसल्या हात झटकताना बघून म्हणाला, "काय रं, खुर्चीवर बसून दमलास व्हय?" हसला नुसता. ते हसणं माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "हातोडा पूर्ण बंद."

"बंद केला," मी म्हणालो. इतका आज्ञाधारक पेशंट त्यांना मिळाला नसेल. आणि घरी येऊन परत माऊसला बसलो.

मानेचा फोटो काढला. मानेला पट्टा दिला. गोळ्या. साखर तपासली. एकानं सांगितलं म्हणून तेल चोळणाऱ्याकडं गेलो, त्यानं खांदा असा पिळला की आठ दिवस उताणा झोपलो. डॉक्टर त्यांच्या जागी बरोबर होते. मी सांगितलं त्यावर ते औषध देत होते. सात महिने हे चाललं. मानेला पट्टा बांधून मी माऊस दाबत होतो.

रेखा दोनदा म्हणाली, "आबा, डाक्टरला कॉम्प्युटरचं सांगितलं का?"

दुसऱ्यांदा मी ओरडलो. "बसून करायचं काम ते! त्यानं कुठं मानूस आजारी पडतं? दवाखान्यात त्याचं नाव काढलंस तर माझ्यासंगं यायचं न्हाई."

सिंधू चुलीपुढून म्हणाली, "तिला काय वरडता? सांगितलं तर काय दंड हाय का?"

मी जेवण टाकून उठलो.

छिन्नी

पाथरवट अक्षर डोळ्यानं तपासत नाही. डोळे मिटून खोदलेल्या रेघेत बोट घालतो आणि तळापर्यंत फिरवतो. कुठं उथळ, कुठं खडबडीत, ते बोट सांगतं. मशीनवरनं आलेली प्रत्येक पाटी मी अशी तपासूनच बाहेर सोडायचो.

एके दिवशी दुपारी एका समाधीचा दगड मशीनवरनं आला. मी डोळे मिटून बोट फिरवलं. काहीच नाही. जणू बोट कापसात गुंडाळलेलं. वाटलं, मशीननं कोरलंच नाही. डोळे उघडले तर नाव चांगलं खोल कोरलेलं.

संजय जेवायला गेलेला. मी माझी जुनी छिन्नी काढली, टोक उजव्या हाताच्या त्या बोटावर ठेवलं आणि दाबलं. दाबत गेलो. रक्त आलं तेव्हा थांबलो. दुखलं नव्हतं.

मी तिथंच दगडांच्या मधी खाली बसलो. आयुष्यात मी फार घाबरलो नाही. खाणीत माझ्याशेजारी दरड पडलेली आहे. पण त्या दिवशी आपलंच बोट बघून मला भीती वाटली. संजय आला, रक्त बघितलं आणि म्हणाला, "आबा, उद्या नगरला." मी नाही म्हणालो नाही.

कळलं तो दिवस

नगरच्या मोठ्या दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या. माझ्या नातीएवढ्या नाही, पण मुलीपेक्षा लहानच. बरोबर संजय, सिंधू आणि रेखा. बाईंनी तोच प्रश्न विचारला. मी तेच उत्तर दिलं.

त्यांनी माझा हात घेतला, उलटा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ. मग म्हणाल्या, "आजोबा, हातोड्याचे घट्टे कुठं गेले?"

मी मूठ मिटायला लागलो.

"हातोडा रोज मारणाऱ्याचा तळहात असा मऊ नसतो. आणि हे इथं काय आहे?" मनगटाच्या खालच्या बाजूला एक आडवी कडक रेघ होती, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हे कशानं झालं?"

मी भिंतीकडं बघितलं. तेवढ्यात रेखा बोलली. सगळं. माऊस, ग्रॅनाईट, ठिपके, दोन वर्षं. एका दमात बोलली आणि रडायला लागली.

मी तिथंच म्हणालो, "झालं समाधान? सासऱ्याला उघडं पाडलंस?"

संजय म्हणाला, "आबा, गप बसा." आजवर असं कधी तो मला बोलला नव्हता.

बाईंनी हाताला बारीक शॉक देऊन नस तपासून घेतली. मनगटातून जाणारी नस दबलेली. अंगठ्याच्या बुडाचं मांस बसलेलं. मी दोन्ही हात शेजारी धरून बघितले. डावा भरलेला, उजव्याला खळगा. रोज बघत होतो आणि बघितलं नव्हतं.

"सात महिन्यांपूर्वी आला असता तर नुसत्या पट्ट्यावर भागलं असतं कदाचित," बाई म्हणाल्या. "आता ऑपरेशन करावं लागेल. पण नस किती जागी होईल, ते मी सांगू शकत नाही. होईलच असं समजू नका."

हे लिहायला सोपं आहे. ऐकायला नव्हतं. सात महिने मी स्वतः दिले होते.

पुढं पंधरा दिवस मी रेखाशी बोललो नाही. ती ताट आणून ठेवायची, मी पाणी सिंधूकडं मागायचो. सिंधूनं एकदा तांब्या माझ्यापुढं आदळला. "जिनं खरं सांगितलं तिच्यावर राग, आन् सवताच्या जिभेवर न्हाई. लई मोठं मानूस!"

दवाखान्यातले दिवस

ऑपरेशन म्हणजे फार काही नाही. हात बधिर करतात, आपण जागे असतो. बधिर करायची सुई टोचली तेव्हा मी मनाशी म्हणालो, ह्याला आणखी काय बधिर करता. खरं तर अर्ध्या तासाचं काम, संध्याकाळी घरी सोडतात. पण माझं बीपी वर गेलं म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं.

सकाळी सहाला सिस्टर यायची. हात उशीवर उंच ठेवा, आजोबा. मी खाली घ्यायचो. ती परत उंच करायची. आठला चहा, मग डॉक्टरांची वाट बघणं. दवाखान्यात आजारापेक्षा वाट बघणंच जास्त असतं.

शेजारच्या खाटेवर अकोले तालुक्यातले गंगारामबुवा होते. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. भाताची शेती आणि म्हशी. त्यांचा डावा हात बांधलेला, माझा उजवा. सिंधू घरून बिस्किटं देऊन गेलेली, पुडा काही फुटेना. मी डाव्यानं धरला, त्यांनी उजव्यानं ओढला. पुडा फाटला आणि निम्मी बिस्किटं खाली.

"तुमचा डावा, माझा उजवा," बुवा म्हणाले. "दोघं मिळून एक मानूस झाला पुरा."

"त्यो बी बिस्किटं सांडनारा," मी म्हणालो.

सात-आठ महिन्यांत मी पहिल्यांदा हसलो ते तेव्हा. मग त्यांनी विचारलं, "तुमाला कशानं झालं?"

मी तोंड उघडलं. 'हातोडा' शब्द पार ओठापर्यंत आला होता, खरंच सांगतो. मग म्हणालो, "कॉम्प्युटरच्या माऊसनं."

बुवा हसले नाहीत. म्हणाले, "मला म्हशीची धार काढून. डाक्टर म्हनतो, एकच हालचाल लाख येळा केली की झालं. म्हंजी म्हस आन् कॉम्प्युटर एकच."

एवढंच होतं ते. ज्या हसण्याला घाबरून मी हात घालवला, ते हसणं आलंच नाही.

घरी

टाके निघाले. पहाटेच्या मुंग्या थांबल्या, हे खरं. पण बोटं तशीच. आंघोळीला सिंधू लागते. पायजम्याची नाडी ती बांधते. मी छताकडं बघतो. घास डाव्या हातानं, चमच्यानं. एकदा तापलेल्या तव्याला बोट लागलं, मला कळलं नाही, सिंधूला वासानं कळलं. तिनं ते बोट पाण्यात धरलं आणि किती तरी वेळ सोडलं नाही. मला तेव्हा मेलो तर बरं, असं वाटलं. वाटलं ते लिहितो. कोणाला तसं वाटत असेल तर त्यानं ते घरात बोलून दाखवावं. मी रेखाला बोललो. त्या पंधरा दिवसांनंतर तिच्याशी कामापुरतं बोलणं सुरू झालं होतं, पण खरं बोलणं हे पहिलं. ती म्हणाली, "आबा, असं वाटलं की मला हाक मारा. काम सोडून येईन." आणि येते.

तुम्हाला माऊसचं काम असेल तर ऐका. तो आवळू नका. कोंबडीचं पिल्लू हातात घ्यावं तसा धरा. चकचकीत दगडावर, काचेवर तो नीट चालत नाही, खाली वही घाला किंवा कापड, लाज कसली त्यात. बटण अडत असेल तर साफ करा नाहीतर दुसरा घ्या, जोर लावू नका. मनगट टेबलाच्या कडेवर टाकू नका, कोपर टेकू द्या. अधूनमधून उठा. मुंग्या आल्या तर त्याच आठवड्यात दाखवा. आणि विचारलं की काय काम करता, तर जे करता ते सांगा. जे करत होता ते नाही.

टेबलाची कड संजयनं घासून गोल केली. मी बसून बघितलं. त्याला जमली, थोडी वाकडी. अक्षरांचे ठिपके आता रेखा देते. मी शेजारी बसतो. तिची कड कधी कधी चुकते. मी सांगतो. कधी कधी माझंच चुकलेलं असतं.

तपासणी

आता शेवटचं. हे लिहायला मला सगळ्यात जड गेलं.

ऑपरेशननंतर दीड महिन्यानं तपासायला बोलावलं होतं. बाई डॉक्टर डोळे मिटायला सांगतात आणि बोटांच्या टोकांना कापूस लावतात. कळलं की सांगायचं. मी पापणी किलकिली ठेवली. कापूस लागताना दिसायचा, मी म्हणायचो, "कळलं." दहातले सात बरोबर. बाई खूश. संजय खूश. सिंधूनं परत येताना रस्त्यावरच्या देवळाला गाडी थांबवून नारळ फोडला. मी खोबरं हातात धरून उभा होतो आणि ते हातात आहे हे मला फक्त दिसत होतं.

एवढं सगळं होऊनही मी परत तेच केलं. हातानं हार खाल्लीय हे मला चार माणसांत म्हणवत नव्हतं. आणि त्या खोट्यावर बाईंनी व्यायाम कमी करून दिला.

परवा तीन महिन्यांची तपासणी होती. बाई कापूस घेऊन आल्या. मी म्हणालो, "थांबा. मागच्या येळंला मी बघत हुतो. सात कळले न्हाईत. येक बी कळला न्हवता."

सिंधूनं कपाळाला हात लावला. रेखा खाली बघत होती. बाई रागावतील असं वाटलं. त्या नुसत्या म्हणाल्या, "बरं. मग आज नव्यानं."

"माझा भरवसा न्हाई. डोळे कुनीतरी झाका," मी म्हणालो.

सिंधूनं पदर दुमडून माझ्या डोळ्यांवर धरला, घट्ट. सगळं काळं.

बाई विचारायच्या, "आता?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई."

असं किती वेळा झालं, मी मोजलं नाही. मग एकदा बाईंनी काही विचारलंच नाही.

मी म्हणालो, "आत्ता लावला का?"

"कुठं?"

"मधल्या बोटाला." मग लगेच म्हणालो, "न्हाई न्हाई, थांबा. लावला का नुसतं वाटलं, त्ये सांगता येत न्हाई."

कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला.

मी पदराखालूनच विचारलं, "काय लिवलं?"

"तुम्ही म्हणालात तेच," बाई म्हणाल्या. "सांगता येत नाही."